धक्क्याला लागलेलं घर

न्यूझीलंडमध्ये नाताळ भर उन्हाळ्यात येतो. किनाऱ्यावरची पोहुतुकावाची झाडं लालभडक फुललेली असतात, शाळांना मोठी सुट्टी लागलेली असते आणि ऑकलंडमध्ये ज्यांच्याकडे म्हणून बोट आहे, त्यांतले पुष्कळजण उत्तरेची वाट धरतात. आम्हीही धरतो. माझे यजमान व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी अकरा मीटर लांबीची एक जुनी शिडाची बोट घेतली आणि हळूहळू माझं अर्धं स्वयंपाकघर तिच्यावर जाऊन बसलं. नाताळचा आठवडा आम्ही फांगारेई शहरात, हातेआ नदीकाठच्या मरीनात बोटीवरच काढतो.

बोटीवरची सुट्टी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फुगलेली शिडं आणि निळं पाणी येतं. ते सगळं आहेच, आणि ते फार सुंदरही आहे. पण शिडं उतरवून, दोर बांधून, इंजिन बंद केल्यावर बोटीवर जे राहणं सुरू होतं, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मला ते सांगायचं आहे. कारण घरात ज्या गोष्टी भिंतीआड चालतात, म्हणजे पाणी कुठून येतं, मैला कुठे जातो, वीज किती उरली, त्या सगळ्या इथे हाताखाली असतात आणि त्यांचा हिशेब रोज आपल्यालाच ठेवावा लागतो.

मरीना म्हणजे लहान बोटींसाठी बांधलेलं आडोशाचं बंदर. कोकणातल्या जुन्या दगडी धक्क्यावर भरती-ओहोटीप्रमाणे होडी खालीवर होते आणि दोर सारखे सैल किंवा घट्ट करावे लागतात. मरीनात चालायचे फलाटच पाण्यावर तरंगतात. नदीत रोवलेल्या उंच खांबांना ते कड्यांनी अडकवलेले असतात आणि पाण्याबरोबर बोटीसकट वरखाली होतात. फांगारेईला भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. सकाळी किनाऱ्यावर जायचा उतार सौम्य असतो, दुपारी तोच जिना चढल्यासारखा लागतो, पण बोटीतून फलाटावर पाय टाकायचा तो कायम तेवढ्याच उंचीवरून. प्रत्येक जागेजवळ विजेचा खांब आणि पाण्याचा नळ असतो. भाडं बोटीच्या लांबीवर ठरतं. दोन अंगांच्या रुंद कॅटामरानला जास्त पडतं.

फांगारेई ऑकलंडपासून रस्त्याने दीडशे-एकशे साठ किलोमीटर. समुद्राने आलं की मनाइआ डोंगराच्या कातळसुळक्यांना वळसा घालून खाडीत शिरायचं, मार्सडन पॉइंटच्या तेलटाक्या मागे टाकायच्या आणि मग चिखलाच्या सपाट काठांमधून खुणेच्या खांबांवर नजर ठेवत काही तास वर जायचं. शहराजवळ नदी उथळ होते. आमच्या बोटीची कील पाण्याखाली एक मीटर ऐंशी सेंटिमीटर जाते, त्यामुळे भरती धरूनच यावं लागतं. वाटेत माओरी लोकांच्या माशाच्या गळाचा आकार दिलेला एक उचलपूल लागतो, २०१३ साली सुरू झालेला. वीएचएफ रेडिओवर पूल चालवणाऱ्यांना हाक द्यायची, मोटारी थांबतात, पुलाचा मधला भाग उभा राहतो आणि आपली डोलकाठी त्यातून पार होते. कामाच्या दिवशी कचेऱ्या भरायच्या-सुटायच्या वेळी मात्र पूल उघडत नाहीत. बोटवाल्याने थांबायचं.

एवढं आत यायचं कारण आडोसा. उघड्या किनाऱ्यालगतची मरीना कितीही देखणी असली तरी समुद्र तिला विसरत नाही. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळ हुंगा टोंगा ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याच्या लाटा इथून जवळच असलेल्या टुटुकाका मरीनात शिरल्या. फलाट तुटले, काही बोटी बुडाल्या. तेव्हापासून यजमान नदीतल्या जागेसाठी महिनोन् महिने आधी नाव नोंदवतात आणि मला ते पूर्ण पटतं.

या दिवसांत शेजार मात्र जगभरचा मिळतो. दक्षिण प्रशांत महासागरात नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा मोसम. फिजी, टोंगा, न्यू कॅलेडोनिया या भागांत फिरणाऱ्या शिडाच्या बोटी तो टाळायला सुमारे हजार सागरी मैल दक्षिणेला न्यूझीलंडला येतात. हवा बरी असेल तर आठवडा-दहा दिवसांचा प्रवास. त्यांतल्या कित्येक ओपुआ बंदरात देशात शिरायची कागदपत्रं करून नाताळपर्यंत फांगारेईला पोहोचतात. कुणी फ्रेंच निवृत्त जोडपं, कुणी दोन लहान मुलांना बोटीवरच शिकवणारं कॅनडाचं कुटुंब. आल्याआल्या जैवसुरक्षा अधिकारी बोटीवर चढतात आणि ताजी फळं-भाज्या, मध, रुजू शकतील अशा बिया सगळं काढून घेतात. आमच्या फ्रेंच शेजारणीने मोड आणायला ठेवलेले अख्खे मूग गेल्याचं हळहळत सांगितलं. बोटीवर ताजी भाजी संपल्यावर मोडाची कडधान्यं हाच हिरवा आधार असतो, म्हणून मला तिचं दुःख लगेच कळलं. ऑकलंडहून आलेल्या आम्हाला ती तपासणी नसते, तेव्हा मी आमच्या डब्यातले मूग भिजवून, मोड आणून तिला नेऊन दिले.

गेल्या नाताळात माझी भाची डोंबिवलीहून आली होती. कॉलेजची परीक्षा संपवून आली आणि थेट बोटीवरच राहिली. पहिल्या दिवशी तिला मी जे दाखवलं ते इथे सांगते, कारण बोटीवर पाहुणा आला की सगळीकडे हेच दाखवतात.

आधी संडास. बेसिनएवढं भांडं, शेजारी हातपंप आणि एक कळ. कळ एका बाजूला केली की पंप बाहेरचं पाणी आत ओढतो, दुसऱ्या बाजूला केली की फक्त उपसतो. "मावशी, किती वेळा मारायचा?" तिने विचारलं. वीसेक वेळा तरी, म्हटलं, म्हणजे नळीत काही अडकून राहत नाही. आणि आधी पोटात न गेलेली कुठलीही वस्तू त्यात टाकायची नाही, कागदसुद्धा नाही. हा नियम जगातल्या प्रत्येक बोटीवर ऐकायला मिळतो. मैला बोटीतल्या बंद टाकीत साठतो. न्यूझीलंडच्या कायद्याप्रमाणे प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून निदान पाचशे मीटर दूर आणि पुरेशा खोल पाण्यातच सोडता येतो. मरीनात तर काहीच सोडायचं नाही. किनाऱ्यावरची स्वच्छतागृहं वापरायची आणि टाकी भरली की उपसा-केंद्रावर बोट नेऊन ती रिकामी करून घ्यायची. हे सगळं तिने एकदा नीट समजून घेतलं आणि मग पुन्हा विचारलं नाही.

मैल्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, याच मरीनाच्या काठावर हुंडर्टवासरचं कलाकेंद्र उभं आहे, सोनेरी घुमटाचं, एकही सरळ रेघ नसलेलं, छतावर झाडं वाढलेलं. फ्रिडेन्सराइख हुंडर्टवासर हा ऑस्ट्रियाचा चित्रकार. सिसिलीतलं एक जुनं मीठवाहू गलबत त्याने घेतलं, दुरुस्त करून त्याला 'रेगेनटाग' नाव दिलं आणि त्यावर वर्षानुवर्षं राहिला. सत्तरच्या दशकात ते गलबत न्यूझीलंडला आलं आणि तो इथलाच झाला. फांगारेईच्या इमारतीचं रेखाटन त्याने १९९३ साली केलं. ती प्रत्यक्षात उघडली २०२२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. जवळच्या कावाकावा गावात त्याने १९९९ साली सार्वजनिक शौचालय बांधलं, रंगीत फरशा आणि बाटल्यांच्या काचांचं, आणि लोक मुद्दाम गाडी थांबवून ते बघायला जातात. मैल्याचं खत झालं पाहिजे, मैला ही लपवून वाहून टाकायची वस्तू नाही, यासाठी हा माणूस आयुष्यभर हट्टाने लिहीत-बोलत राहिला. कलाकेंद्राच्या छतावर उभं राहून खाली बोटींकडे बघताना मला नेहमी वाटतं की बोटीवर राहिल्यामुळेच त्याचा हट्ट इतका पक्का झाला असणार. चार-पाच मीटर अंतरावर स्वतःची मैलाटाकी घेऊन झोपणाऱ्या माणसाला 'दूर कुठेतरी' ही जागाच उरत नाही.

मग पाणी. आमच्या दोन टाक्यांत मिळून तीनशे लिटर मावतं. समुद्रात असताना भांडी खाऱ्या पाण्याने घासायची आणि शेवटी कपभर गोड्या पाण्याने विसळायची. मरीनात नळ हाताशी असतो, पण नदीचं पाणी गढूळ, त्यामुळे खाऱ्या पाण्याचा पंप बंद ठेवायचा. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र ज्यांच्याकडे असतं तेही ते इथे चालवत नाहीत. गाळ आणि तेलाच्या तवंगाने त्याचा पडदा खराब होतो, आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननेही होतो. म्हणून टाक्या नळावरच भरायच्या. त्यासाठी पिण्याच्या पाण्याची स्वतःची वेगळी नळी आणायची, आधी नळ थोडा वाहू द्यायचा आणि मग टाकी भरायची. इथल्या कित्येक पाहुण्यांना दात घासताना नळ बंद करायची आठवण करून द्यावी लागते. डोंबिवलीच्या मुलीला काहीच सांगावं लागलं नाही. पाणी यायच्या वेळेला उठून पिंप भरणाऱ्या घरात ती वाढली आहे. दुसऱ्याच दिवशी ती मला सांगत होती की डाव्या टाकीचा काटा खाली आलाय. पाण्याची अशी जाण आपल्याकडच्या मुलांना किती लहानपणी येते, आणि तिची किंमत आपण किती कमी करतो!

विजेचा प्रकार जरा गुंतागुंतीचा आहे. बोटीतले दिवे, फ्रिज, रेडिओ बॅटरीवर, बारा व्होल्टवर चालतात. बॅटरी भरते सौरपट्ट्यांवर किंवा इंजिनावर. मरीनात जाड केबलने किनाऱ्याची वीज घेता येते. ती भारतासारखीच २३० व्होल्टची असते. मात्र बोटीतली जोडणी तपासल्याचं प्रमाणपत्र असल्याशिवाय केबल लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ओल्या फलाटावर, अनवाणी मुलं पळत असताना, सदोष जोडणी म्हणजे जिवाशी खेळ.

पण किनाऱ्याच्या विजेचा दुसरा एक परिणाम डोळ्यांना दिसत नाही. केबलमधल्या अर्थिंगच्या तारेने शेजारच्या सगळ्या बोटींचे पाण्याखालचे धातू एकमेकांना जोडले जातात. वर तार, खाली खारट पाणी, आणि मध्ये पितळ, पोलाद, ॲल्युमिनियम. झाली बॅटरी तयार! त्यात सगळ्यांत दुबळा धातू झिजतो. बोट पुढे ढकलणारा पाण्यातला पंखा झिजू नये म्हणून त्याच्या दांड्यावर जस्ताचा गोळा बसवतात, तो मुद्दाम खाऊन टाकायला दिलेला. यजमानांनी पाणबुड्याकडून तो बदलून घेतला तेव्हा जुना भाचीच्या हातावर ठेवला. मूळचा गुळगुळीत गोळा चोखून टाकलेल्या खडीसाखरेसारखा झाला होता, खड्डेच खड्डे, बोट लावलं की पांढरी भुकटी निघत होती. "काका, हा आपल्याच बोटीने खाल्ला?" "आपल्या आणि शेजारच्यांच्याही," ते म्हणाले. आता आमच्याकडे हा अर्थिंगचा बारीक प्रवाह अडवणारा एक ठोकळा बसवलेला आहे आणि जस्त बरंच जास्त टिकतं.

मुक्काम म्हणजे आराम हा समज इथे टिकत नाही. समुद्रात जे मोडतं, कुरकुरतं, गळतं, ते सगळं धक्क्याला लागल्यावर हातात घ्यायचं असतं. आणि नाताळात ते वेळेआधी घ्यावं लागतं. पंचवीस डिसेंबरला न्यूझीलंडमध्ये बहुतेक दुकानं कायद्यानेच बंद असतात, आणि कारागीर मंडळी जी सुट्टीवर जातात ती जानेवारीच्या मध्याला उगवतात. त्यामुळे चोवीस तारखेपर्यंत बोटींच्या सामानाच्या दुकानात रांग असते. गेल्या वर्षी इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपातलं रबरी चक्र बदलायचं होतं. बाहेर काढलं तर त्याची दोन पाती गायब. नवीन चक्र बसवायला दहा मिनिटं पुरतात. पण तुटलेली पाती पुढे नळीत अडकून पाण्याची वाट बंद करू शकतात, म्हणून ती सापडेपर्यंत थांबायचं नाही. यजमान भर उन्हात इंजिनाच्या कोनाड्यात आडवे होऊन, एक हात आत घालून, नुसत्या स्पर्शाने शोधत होते. दोन्ही तुकडे मिळाल्यावरच ते चहाला वर आले.

पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यांचंही असंच असतं. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई'वरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने प्रदक्षिणा केली, ती चार बंदरांत थांबून. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन. यातलं लिटलटन आमच्या न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आहे. गोव्यातच बांधलेल्या 'तारिणी'वरून नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोन अधिकारी जगाला फेरी घालत होत्या. २०२४ चा नाताळ त्यांनी लिटलटनलाच काढला. बावीस डिसेंबरला पोहोचल्या आणि चार जानेवारीला केप हॉर्नच्या वाटेने निघाल्या. त्या बातम्यांमध्ये लोक लाटांची उंची आणि वाऱ्याचा वेग वाचतात. मी मात्र त्या धक्क्यावरच्या तेरा दिवसांचा विचार करत होते. शिडांची शिवण, दोरांची झीज, रसदेची मोजदाद. पुढच्या दीड महिन्याच्या समुद्राची खरी तयारी तिथे झालेली असते.

आता स्वयंपाक, जो मला सर्वांत प्रिय. बोटीची शेगडी दोन बाजूंच्या खिळींवर झुलती असते. बोट कलली तरी ती सरळ राहते. गॅसची टाकी आत ठेवत नाहीत. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून टाकी बाहेर वेगळ्या कप्प्यात, त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक, आणि स्वयंपाक संपला की गॅस टाकीपाशीच बंद. प्रेशर कुकर तर बोटीवर घरापेक्षाही जास्त उपयोगी. झाकण पक्कं बसतं, लाटेने सांडत नाही, गॅस निम्म्याने वाचतो. आमच्या फलाटावरच्या परदेशी बोटींतही कुकरच्या शिट्ट्या वाजतात, हे ऐकून आईला फार नवल वाटलं होतं.

तळण मात्र फक्त मरीनात. भर समुद्रात उकळतं तेल म्हणजे भाजण्याचं आमंत्रण, त्यामुळे महिनोन् महिने आम्ही तळलेलं खात नाही. म्हणून नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी बटाटेवडे करते. त्या दिवशी फलाटाच्या टोकाला सगळ्यांचं मिळून जेवण असतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. शेगडीचं झुलणं खिळीने बंद करायचं, खोल कढई अर्धीच भरायची, आग विझवायची चादर हाताशी टांगायची. गेल्या वर्षी भाचीला वर बसवलं होतं. मोटारबोट येताना दिसली की ती "मावशी, लाट!" ओरडायची आणि मी झारा बाजूला ठेवून, गॅस बारीक करून, कढईवर नजर रोखून उभी राहायची. नदीत वेगाला मर्यादा आहे, पण सगळेच पाळतात असं नाही. मोहरी, लसूण, हिंगाचा वास झरोक्यातून बाहेर गेला आणि पहिला घाणा निघायच्या आत कॅनडाची दोन्ही मुलं धक्क्यावर येऊन उभी. त्यांच्या आईने मेरँग, साय आणि किवी फळांचा पावलोवा केला होता, फ्रेंच जोडप्याने स्वतः पकडून खारवलेला मासा आणला होता. वडे सगळ्यांत आधी संपले, हे मी अभिमानाने सांगते.

शेजारधर्माचे नियम कुठे लिहिलेले नसतात, पण कडक असतात. कुणी बोट लावायला आलं की हातातलं काम टाकून त्याचे दोर धरायला जायचं. न विचारता कुणाच्या बोटीवर पाय ठेवायचा नाही. आधी बाहेरून टकटक करायची. चपला धक्क्यावरच काढायच्या, हे आपल्याला शिकवावंच लागत नाही. आणि शीड चढवायचे दोर रात्री डोलकाठीपासून दूर ताणून बांधायचे. नाहीतर वारा सुटला की ते काठीवर खणखणत राहतात आणि अख्ख्या फलाटाची झोप जाते. एका रात्री पाऊस-वाऱ्यात कुणाची तरी अशी खणखण सुरू झाली. मालक गावाला गेलेला. फ्रेंच काका रेनकोट घालून गेले, दोर बांधून आले, सकाळी त्याबद्दल चकार शब्द नाही. हे शेजारी बहुतेक एप्रिल-मेमध्ये पुन्हा बेटांकडे निघून जातात आणि पुन्हा भेट होईलच असं नाही. तरी, किंवा कदाचित म्हणूनच, मदतीला उद्यापर्यंत थांबत नाहीत.

नववर्षानंतर पूर्वी आम्ही बे ऑफ आयलंड्सला जायचो. आता बेत करताना समुद्राखालचाही विचार करावा लागतो. कॉलेर्पा नावाचं परकं शेवाळ २०२१ मध्ये ग्रेट बॅरियर बेटाजवळ सापडलं आणि २०२३ मध्ये बे ऑफ आयलंड्समध्येही. त्याचा नांगराला चिकटलेला एक तुकडासुद्धा नव्या जागी रुजतो, म्हणून काही ठिकाणी नांगर टाकायला बंदी आहे. भूमध्य समुद्रातला एक पिसाऱ्यासारखा किडा असाच बोटींच्या तळाला चिकटून पसरतो, त्यामुळे मरीनात पाणबुडे येऊन तळ तपासतात. काही बोटवाले याला सरकारी कटकट म्हणतात. मला ते अजिबात मान्य नाही. ज्या समुद्रावर आपण सुट्टी काढतो, त्याच्या तळाशी आपलीच घाण पेरून यायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

निघायच्या सकाळी कामं ठरलेल्या क्रमाने होतात. आधी मैलाटाकी उपसून घ्यायची, मग हात धुऊन पाण्याच्या टाक्या भरायच्या. गाद्या उचलून खालची ओल पुसायची, नाहीतर दोन दिवसांत बुरशी धरते. किनाऱ्याची वीज आधी खटक्याने बंद करून मगच केबल काढायची. पूर्ण भरतीच्या तासभर आधी निघायचं, म्हणजे उथळ भागात चुकून टेकलोच तरी चढतं पाणी उचलून घेतं. भाचीकडे पुढचा दोर आणि वीएचएफ दिला होता. तिने डोंबिवलीच्या इंग्रजीत पुलाला हाक दिली, बोटीचं नाव आणि दिशा सांगितली. पलीकडून उत्तर आलं, दहा मिनिटं थांबा, एक ॲम्ब्युलन्स जाऊ दे. यजमानांनी इंजिन मागे घेतलं, मी टाकीचे काटे वहीत लिहून ठेवले आणि भाचीला दुपारच्या खिचडीचे तांदूळ मोजायला पाठवलं.